शून्याच्या आसपासचा पाऊस आणि पाच महिने वापरलेला कोट

कोट नोव्हेंबरच्या सुरुवातीला घेतला. आता एप्रिल उजाडलाय, कोट धुऊन कपाटात ठेवायची वेळ आली आहे आणि पूर्ण हिवाळा अंगावर काढल्यामुळे आता त्याबद्दल खात्रीने बोलता येईल.

आधी माझा वापर सांगते, कारण तो वेगळा असेल तर तुमची निवडही वेगळी ठरेल. रोज सकाळी पंधरा मिनिटं चालत बसस्टॉप, तिथे दहा ते वीस मिनिटं उभं राहणं, संध्याकाळी मुलीला शाळेतून घेऊन पुन्हा चालत घरी. पाठीवर लॅपटॉपची सॅक. तापमान बहुतेक दिवस 0 ते 6 अंश, चार-पाच दिवस उणे 8. पाऊस सारखाच, मधूनमधून धड बर्फ नाही नि धड पाणी नाही असं काहीतरी.

ही थंडी फसवी असते. उणे 15 च्या कोरड्या थंडीत बर्फ अंगावर पडला तरी झटकून टाकता येतो. 2 अंशांना तो खांद्यावर बसतो, वितळतो आणि मुरतो. स्थिर हवेच्या मानाने पाणी साधारण 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि कोटाची ऊब म्हणजे मुळात आत अडकवून ठेवलेली हवा. त्या हवेच्या जागी पाणी आलं की कोट कितीही जाड असो, हुडहुडी भरते.

आधीचा कोट पिसांचा होता. लेबलवर फिल पॉवर 800, आणि त्या आकड्यावर भाळूनच मी तो घेतला होता. फिल पॉवर म्हणजे एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम पिसं फुलून किती घन इंच जागा व्यापतात, ते माप. पिसांची प्रत त्यावरून कळते, पण कोटात पिसं किती भरली आहेत ते नाही कळत. 650 ची 250 ग्रॅम पिसं 800 च्या 100 ग्रॅमपेक्षा बरीच जास्त ऊब देतात. कोरड्या दिवशी तो कोट झकास होता. पण बाहेरचं कापड पाण्याला फक्त थोडा वेळ थोपवणारं, आणि सॅकचे पट्टे खांद्यावर दाबलेले. दुसऱ्याच हिवाळ्यात खांद्यांवरची पिसं भिजून गोळा झाली. खिडकीपाशी धरून पाहिलं तर खांद्यांचे कप्पे रिकामे, उजेड आरपार, आणि पिसांचे चिकट गोळे खाली शिवणीशी साचलेले. वाळायला दोन दिवस लागायचे आणि ओल्या पिसांचा वास जाता जात नसे.

म्हणून या वेळी ठरवलं की पावसाचं आधी बघायचं, उबेचं नंतर. ऊब आत स्वेटर घालून वाढवता येते. गळका कोट काही केल्या वॉटरप्रूफ होत नाही.

हा कोट मांडीच्या मध्यापर्यंत लांब आहे. आत पिसांऐवजी पॉलिस्टरचं भरण आहे. ते पिसांइतकं हलकं नाही आणि घडी घातल्यावर तितकं लहानही होत नाही, पण ओलं झालं तरी फुगलेलं राहतं आणि लवकर वाळतं. बाहेरच्या कापडाच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ पडदा आहे, ज्याला मेम्ब्रेन म्हणतात. लेबलवर 15,000 मिलिमीटर लिहिलंय. म्हणजे चाचणीत त्या कापडावर 15 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब आल्यावर थेंब आत येऊ लागतात. नुसत्या पावसाचा दाब त्या मानाने फारच कमी असतो. पण सॅकच्या पट्ट्याखाली किंवा ओल्या बाकावर बसल्यावर तो बराच वाढतो, म्हणून सॅक वापरणाऱ्यांनी 10,000 च्या खाली जाऊ नये असं माझं मत झालंय. त्याच्या वर मात्र आकडा वाढवत नेण्यासाठी पैसे मोजण्यात मला अर्थ वाटत नाही. ते पैसे शिवणींवर खर्च करा.

शिवण म्हणजे सुईच्या भोकांची रांग. कापड कितीही भारी असलं तरी पाणी तिथूनच शिरतं. त्यामुळे सगळ्या शिवणी आतून टेप केलेल्या हव्यात. काही कोटांत फक्त खांदे आणि हूड टेप करतात आणि लेबलवर ‘महत्त्वाच्या शिवणी सीलबंद’ अशा अर्थाचं काहीतरी लिहितात. रेनकोटात टेप डोळ्यांना दिसते. उबदार कोटात ती अस्तरामागे लपलेली असते, म्हणून लेबल वाचण्यावाचून गत्यंतर नाही. एक गोष्ट मात्र दुकानात उभ्या उभ्या कळते. कोटाच्या बाहेरच्या कापडावर रजईसारखे आडवे टाके दिसत असतील, तर प्रत्येक टाका आरपार गेलेला असण्याची शक्यता मोठी. मुसळधार पावसासाठी बाहेरून सपाट, टाके फक्त आतल्या थरात असलेला कोट घ्या.

हूडकडे आपण शेवटी बघतो आणि दुरुस्त न करता येणारी गोष्ट नेमकी तीच असते. हूड घाला, चेन हनुवटीपर्यंत ओढा आणि मान डावी-उजवीकडे वळवा. हूड डोक्याबरोबर वळलं पाहिजे. या कोटाच्या हूडला मागे घट्ट करायची दोरी आहे आणि पुढे कडक छज्जा, त्यामुळे चष्म्यावर थेंब येत नाहीत. रस्ता ओलांडताना गाडी दिसणं न दिसणं यावर असतं, म्हणून मी हे इतकं लावून धरते.

आता जानेवारीची गोष्ट. पहिले दोन महिने पाण्याचे थेंब बाहीवरून मोत्यांसारखे घरंगळत होते. जानेवारीच्या मध्यावर खांदे आणि मनगटाजवळचा भाग पावसात काळपट दिसायला लागला. कापड पाणी पिऊन जड व्हायचं आणि आतून खांदे गार, ओलसर लागायचे. मला वाटलं, पडदा फाटला. एवढे पैसे घालून पुन्हा तेच. त्या रात्री खरंच रडू आलं.

प्रत्यक्षात पडदा शाबूत होता. बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा एक लेप असतो, त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात. धूळ, घाम, मानेचा तेलकटपणा आणि सॅकच्या पट्ट्यांचं घासणं यांमुळे तो निकामी होतो. मग बाहेरचं कापड भिजून राहतं. पाणी पडद्यापलीकडे जात नाही, पण अंगाची वाफही ओल्या कापडातून बाहेर पडू शकत नाही. ती आतच थंड होऊन पाणी होते आणि आपल्याला वाटतं की कोट गळतोय. जुने लेप पीएफएएस या रसायनांचे असायचे आणि ते तेलालाही दूर ठेवायचे. ही रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं टिकून राहतात, म्हणून त्यांच्यावर बंधनं येत आहेत. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून बहुतेक कपड्यांत ती मुद्दाम वापरायला बंदी आहे. ती गेली हे चांगलंच झालं, पण नवे लेप तेलकटपणा तितका झटकत नाहीत. त्यामुळे असा कोट जास्त वेळा धुवावा लागतो, आणि हे विकताना मला कुणी सांगितलं नाही.

मी उलटं करत होते. लेप टिकावा म्हणून धुणंच टाळत होते. शेवटी आतलं लेबल नीट वाचलं आणि तसंच केलं. सगळ्या चेन आणि वेल्क्रो बंद, 30 अंश पाणी, अगदी थोडं लिक्विड डिटर्जंट, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, कारण त्याचा थर कापडावर बसून पाणी धरतो. दोनदा खळबळून काढला, मग ड्रायरमध्ये मंद आचेवर चाळीस मिनिटं. उष्णतेने उरलेला लेप पुन्हा नीट बसतो. ड्रायरची परवानगी तुमच्या लेबलवर आहे का, हे मात्र आधी पाहा.

बाहेर काढल्यावर मुलीने मगभर पाणी बाथरूममध्ये बाहीवर ओतलं. खांद्याच्या शिवणीपासून कोपरापर्यंत थेंब सरसर धावले आणि फरशीवर टपटपले. ती म्हणाली, ‘आई, परत ओतू?’ आम्ही चार मग ओतले. फक्त डाव्या खांद्यावर, पट्ट्याच्या जागी, तळहाताएवढा डाग ओला राहिला. तिथे पाणी झटकणारा स्प्रे मारला, आणि तेव्हापासून दर पाच-सहा आठवड्यांनी कोट धुते.

तक्रारीही आहेत. बसताना खालून उघडता यावी म्हणून चेनला दोन धावते, म्हणजे रनर, आहेत, पण खालचा फेब्रुवारीपासून अडकतोय. हातमोजे घालून तो बसवणं अशक्य. बाहीच्या आत विणलेला मऊ कफ आहे. वारा अडवायला तो छान, पण तळहातावर ओढला की टोक भिजतं आणि वातीसारखं पाणी कोपराकडे चढवतं. पावसात मी तो आत दुमडते. गरम बसमध्ये चेन पूर्ण उघडावी लागते, नाहीतर पाठ घामाने निथळते. पडद्यातून वाफ जाते, पण चढावर भराभर चालताना सुटणारा सगळा घाम निघून जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. काखेत चेन असलेला कोट मिळाला तर जरूर घ्या.

उणे 8 ला नुसत्या पातळ शर्टावर उभं राहिले तेव्हा वीस मिनिटांत काकडले. लोकरीचा स्वेटर घातल्यावर काही वाटलं नाही. यासाठी कोट थोडा सैल हवा. भरण दाबलं गेलं की हवा जाते नि ऊबही. मी जाड स्वेटर घालूनच माप बघितलं आणि हात वर करून बघितला, बाही मनगटाखाली सरकली नाही. बसचा दांडा धरणाऱ्यांनी एवढं कराच.

जुन्या कोटाच्या दुपटीहून जास्त पैसे गेले. तो दोन हिवाळ्यांत संपला. यातलं भरण आज पाच महिन्यांनीही खांद्यावर दाबून सोडलं की पहिल्यासारखं वर येतं, एकही टेप सुटलेली नाही. चार हिवाळे निघाले तर पैसे वसूल, आणि मला तशी आशा आहे.

या शनिवारी शेवटचं धुणं. पॉलियुरेथेन दमटपणात हळूहळू विघटित होतं आणि सोलून निघतं, म्हणून पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात नाही, आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नाही. रुंद हँगरवर मोकळा टांगणार आहे. त्याआधी शिंप्याकडे नेऊन चेनचा खालचा धावता बदलून घ्यायचा आहे.