पीटीओ शाफ्ट कापावा की मापाचा दुसरा घ्यावा?

अवजारासोबत आलेला पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची फिरती ताकद अवजाराला देणारा, एकमेकांत सरकणाऱ्या दोन पाइपांचा दांडा) लांब निघाला की हात आधी ग्राइंडरकडे जातो. त्याआधी टेप घ्या.

शाफ्ट काढून ठेवा, अवजार जोडा आणि पीटीओच्या (ट्रॅक्टरमागच्या फिरत्या टोकाच्या) स्प्लाइनवरच्या, म्हणजे दातांवरच्या, खाचेपासून अवजाराच्या गिअरबॉक्सच्या खाचेपर्यंत मोजा. लिफ्ट वरखाली करून हे अंतर सगळ्यात कमी कुठे होतं ते शोधा. बहुतेकदा दोन्ही टोकं एका रेषेत आली की होतं, ओढायच्या अवजारात मात्र आखूड वळणावर. मोजताना इंजिन बंद, किल्ली खिशात, अवजाराखाली टेकू.

समजा अंतर 720 मिमी आहे आणि शाफ्ट पूर्ण मिटल्यावर 780 भरतो. 25 मिमी मोकळीक धरून तो 695 पर्यंत मिटायला हवा. म्हणजे दोन्ही पाइप 85-85 मिमी कापायचे, दोन्ही गार्डही (पाइपांवरची संरक्षक आवरणं) तेवढेच. कमी खर्चात काम होतं आणि माप तुमच्याच जोडीला बसतं. न कापता तसाच चालवलात तर शाफ्ट टेकतो आणि सगळा दाब पीटीओच्या व गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो.

पण बरेच जण फसतात ते पुढे. दोन्ही पाइपांचे 85 गेले की शाफ्ट आधीइतक्याच लांबीला ताणला असताना पाइप एकमेकांत 170 मिमी कमी राहतात. अवजार ट्रॅक्टरपासून सगळ्यात लांब असतानाही पाइपाचा किमान एक तृतीयांश भाग दुसऱ्यात हवा. तेवढा उरत नसेल तर कापूच नका. मिनिटाला 540 फेऱ्यांनी फिरणारा शाफ्ट सुटला, तर जवळच्या माणसाच्या जिवावर बेततं.

अशा वेळी जवळच्या मापाचा दुसरा शाफ्ट घ्यावा. पैसे जास्त जातात, पण त्याला फार तर थोडंच कापावं लागतं. घेताना स्प्लाइन मोजा (540 ला बहुधा 6) आणि शाफ्ट ट्रॅक्टरच्या एचपीला पेलणारा आहे ना ते बघा.

माझं मत सरळ आहे: ट्रॅक्टर आणि अवजार यांची जोडी कायमची असेल तर कापा. तोच शाफ्ट दोन ट्रॅक्टरांवर किंवा दोन अवजारांना फिरत असेल तर त्याला हात लावू नका, दुसरा घ्या. शाफ्ट आखूड पडत असेल तर तुकडा वेल्ड करून वाढवायचा विचारही नको.

कापल्यावर कानशीने आतबाहेरची बर (कापताना उठलेली धारदार कड) काढा, कीस पुसा, ग्रीस लावा. आतले दोन्ही योक (सांध्याचे दोन फाट्यांचे तुकडे) एका रेषेत ठेवून शाफ्ट जोडा आणि हातानेच मिटवून बघा. कुठेही न अडकता सरकला पाहिजे.