सॉकेट सात पिनांचं, तारा चारच

गाडीच्या मागच्या बंपरखाली सात पिनांचं सॉकेट होतं. मेकॅनिकने ते उघडून माझ्यासमोर धरलं, तर आत चारच तारा. टेललाइटची एक, डाव्या दिव्याची एक, उजव्याची एक आणि अर्थिंग. ट्रेलरच्या ब्रेकला वीज नेणारी निळी तार नव्हतीच, तिची पिन नुसती रिकामी होती. मी काही वेळ काहीच बोलू शकले नाही. दोन दिवसांपूर्वी मी ह्याच गाडीला दीड टनाचा ट्रेलर जोडून, गाडीत आम्ही घरची चार माणसं बसून, लांबलचक उतार उतरले होते. म्हणजे त्या सबंध उतारावर ट्रेलरला ब्रेक नव्हते.

सुट्टीत ट्रेलर घेऊन फिरायचं आमचं कितीतरी वर्षांचं ठरलं होतं. ट्रेलर आधी घेतला. छोटासाच, दोन चाकांचा, आत चार जण झोपतील एवढा. माहितीपत्रकावर वजन ११५० किलो. मग तो ओढायला गाडी शोधायला लागलो आणि जुन्या गाड्या विकणाऱ्या एका माणसाकडे पोहोचलो. जाहिरातीत त्याने स्पष्ट लिहिलं होतं, ‘टोइंग पॅकेजसह’, म्हणजे ट्रेलर ओढायची सगळी सोय गाडीत आहे. गाडी मध्यम आकाराची एसयूव्ही, स्वच्छ, चालवायला हलकी.

त्याने मला तीन गोष्टी दाखवल्या. गाडीच्या खाली बसवलेला दणकट हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा लोखंडी जोड, त्यावरच्या स्टिकरवर ३,६०० किलोच्या वरचा आकडा. ट्रेलरचे दिवे जोडून लुकलुकवून दाखवलेलं ते सॉकेट. आणि स्टिअरिंगखाली बसवलेला, ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लावणारा ब्रेक कंट्रोलर, त्यावर एक हिरवा दिवा. वर कंपनीच्या माहितीपत्रकातलं एक पान, त्यात ह्याच मॉडेलच्या नावापुढे १५९० किलो. “मॅडम, तुमचा ट्रेलर साडेअकराशे किलोचा. गाडी त्याला खेळण्यासारखी ओढेल.” हिशोब इतका सरळ वाटला की पुढचा प्रश्न डोक्यात आलाच नाही. गाडीचं मॅन्युअल मागितलं, तर म्हणाला आधीच्या मालकाकडे राहिलं.

मॅन्युअल नसणं ही पहिली खूण होती. आज मी कुणालाही सांगेन की तिथेच थांबा. बहुतेक कंपन्यांची मॅन्युअलं त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. पाच मिनिटांत उतरवून घेता येतं आणि त्यातलं ट्रेलरचं प्रकरण चार-पाच पानांचंच असतं. मी ते वाचलं, पण सगळं होऊन गेल्यावर.

पहिल्याच प्रवासात गाडी मागून बसली आणि नाक वर झालं. रात्री हेडलाइटचा उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडत होता, समोरून येणारे लोक डिपर मारत होते. स्टिअरिंग हलकं लागत होतं, म्हणजे पुढच्या चाकांवरचं वजन कमी झालं होतं. हिच मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे त्यावर भार आला की तो मागे बसवतो आणि पुढचं टोक उचलतो, अगदी तराजूसारखं. मी विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ही तर नेहमीची गोष्ट, आणि आम्हाला भार वाटून देणारा हिच विकला, त्याच्या दोन स्प्रिंगच्या दांड्यांसकट. नाक खाली आलं. मला वाटलं, प्रश्न सुटला. खरं तर त्या दांड्या भार पुढच्या चाकांकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडे सरकवतात एवढंच, गाडीची ओढण्याची मर्यादा त्याने एका किलोनेही वाढत नाही. आमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये तर असा हिच वापरूच नये असं लिहिलेलं निघालं. एकाच माणसाने मला दुसऱ्यांदा फसवलं होतं आणि ह्या वेळी मी स्वतः त्याच्याकडे गेले होते.

दुसऱ्या प्रवासात तो उतार आला. शेजारून मोठा ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने ट्रेलर आधी बाजूला ढकलला गेला आणि मग आमच्याकडे खेचला गेला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि दर झोक्याला आधीपेक्षा जास्त. गाडीची शेपटी ट्रेलर हलवत होता. मागे सासूबाई देवाचं नाव घेत होत्या, मुलगा गप्प झाला होता. अशा वेळी गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, स्टिअरिंगने झोके काढायचा प्रयत्न करायचा नाही, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा आणि कंट्रोलरची दांडी दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे ट्रेलर मागे ताणला जाऊन सरळ होतो, एवढं मी वाचून गेले होते. मी दांडी दाबली. काहीच झालं नाही. पुन्हा दाबली. तोवर गाडीचा वेग आपोआप थोडा उतरला होता आणि पुढे चढाचा तुकडा होता, त्याने आम्हाला वाचवलं. चढावर गिअरबॉक्स गरम झाल्याचा लाल दिवा लागला. रस्त्याच्या कडेला थांबलो तेव्हा माझे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. नवऱ्याने एकेक बोट सोडवलं.

मेकॅनिककडे जे जे निघालं ते सगळं सांगते, कारण ह्यातली एकेक गोष्ट घेण्याआधी तपासता येते.

कंट्रोलरला वीज येत होती, म्हणून हिरवा दिवा लागत होता. त्याची ट्रेलरकडे जाणारी तार कार्पेटखाली गुंडाळून ठेवलेली होती. ट्रेलर खरोखर जोडला गेला की बहुतेक कंट्रोलरवर वेगळी खूण उमटते, हे मला ठाऊक नव्हतं. सोपी परीक्षा अशी, की मोकळ्या जागेत ट्रेलर जोडून माणूस चालतो त्या वेगाने गाडी न्यायची आणि फक्त कंट्रोलरची दांडी दाबायची. ट्रेलरने गाडीला मागे ओढलं पाहिजे. न ओढल्यास तिथेच उतरायचं.

हिच कंपनीचा नव्हता. कंपनीने चासीला ठेवलेली बोल्टची भोकं तशीच मोकळी होती आणि हा जाडजूड हिच पातळ पत्र्याला वेल्डिंग करून लावलेला होता. स्टिकरवरचा आकडा खोटा नव्हता, पण तो त्या लोखंडाचा होता, गाडीचा नव्हता. ओढण्याची मर्यादा साखळीतल्या सगळ्यात कमजोर कडीएवढी असते: गाडी, हिच, ट्रेलर अडकवायचा गोळा, त्याखालचा दांडा, सगळ्यांवर आपापला आकडा असतो आणि धरायचा तो सगळ्यांत लहान.

आणि गिअरबॉक्स. तेल काळं, जळक्या वासाचं. गाडी आधीच्या मालकानेही जड काहीतरी ओढायला वापरली होती हे उघड होतं. संगणकात साठलेल्या बिघाडाच्या नोंदी विकण्याआधी पुसल्या होत्या, असं मेकॅनिकने मागाहून ताडलं. तुम्हाला घेण्याआधी हे असं पकडता येईल: नोंदी पुसल्या की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही कोऱ्या होतात आणि बऱ्यापैकी गाडी चालवल्याशिवाय पुन्हा पूर्ण होत नाहीत. साध्या स्कॅनरवर त्या ‘अपूर्ण’ दिसल्या, तर विचारायचं की काल काय पुसलंत. आमच्याकडे स्कॅनर होता, पण त्या दिवशी तो घरी राहिला. ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

मेकॅनिकने आम्हाला त्या ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला पाठवलं. तिथे चासी क्रमांकावरून गाडी कारखान्यातून काय काय बसवून निघाली त्याची यादी मिळाली. टोइंग पॅकेज नव्हतं. कारखान्याच्या पॅकेजमध्ये नुसता हिच नसतो. मोठा रेडिएटर, गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर, तारांचा पूर्ण जोड, असं बरंच काही त्यात येतं, आणि ते नंतर बंपरखाली लोखंड लावून येत नाही. त्याच मॉडेलच्या पॅकेजवाल्या गाडीची मर्यादा १५९० किलो होती, आमच्या गाडीची ६८०. माहितीपत्रकाचं पान खरं होतं, फक्त आमच्या गाडीचं नव्हतं.

मग वजनकाट्यावर गेलो. प्रवासाला निघतो तसा ट्रेलर भरून. १५४० किलो! माहितीपत्रकातले ११५० हे रिकाम्या ट्रेलरचं वजन. आमचं पाणीच १०० लिटर म्हणजे १०० किलो, दोन भरलेले गॅस सिलिंडर ३४ किलो, बॅटरी, छपरावरचा एसी, अंथरुणं, भांडी, खुर्च्या. प्रत्येक वस्तू किरकोळ वाटली होती. ट्रेलर एकटा काट्यावर चढवला तेव्हा १५४०, आणि गाडीला जोडून फक्त त्याची चाकं काट्यावर ठेवली तेव्हा १३५५. मधला फरक, १८५ किलो, हा ट्रेलरच्या दांड्याने गाडीच्या हिचवर टाकलेला भार. ह्याला टंग वेट म्हणतात. तो ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो, कमी असला तर ट्रेलर डोलतो. आमचा १२ टक्के होता, म्हणजे भरणी ठीक होती. फक्त गाडीला तो पेलणारा नव्हता.

ह्या आकड्यावरच मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथे प्रामाणिक विक्रेत्याकडून गाडी घेणारेही चुकतात. दांड्याचा हा भार ट्रेलरच्या खात्यात जात नाही, गाडीच्या पेलोडमध्ये, म्हणजे गाडीवर लादता येणाऱ्या एकूण वजनात, धरायचा असतो, जणू तेवढ्या वजनाची माणसं डिकीत बसली आहेत. आमच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक स्टिकर आहे. मी तो टायरमधल्या हवेसाठीच बघत आले होते. त्याच स्टिकरवर लिहिलेलं आहे की माणसं आणि सामान मिळून ४३० किलोपेक्षा जास्त नको. काही देशांत तिथल्या पट्टीवर गाडी आणि ट्रेलर मिळून किती चालेल तोही आकडा असतो. आम्ही चौघं २७० किलो, डिकीतलं सामान ६०, हिच २०. उरले ८०. त्यावर १८५ किलोचा दांडा. म्हणजे ओढण्याचा प्रश्न येण्याआधीच गाडी १०५ किलोंनी जास्त भरलेली होती.

जाहिरातीतला मोठा आकडा कसा येतो तेही नंतर कळलं. अमेरिकेतल्या एसएई ह्या अभियंत्यांच्या संस्थेचं ‘जे-२८०७’ नावाचं एक मानक आहे, त्यानुसार अनेक कंपन्या ओढण्याची मर्यादा ठरवतात. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांब चढावर, एसी पूर्ण चालू ठेवून गाडी किती वेग टिकवते हे त्यात बघतात. मानक चांगलं आहे, पण त्यात गाडीत माणसं धरलेली असतात दोन, प्रत्येकी ६८ किलोची. तुम्ही चौघं आणि सामान बसवलंत की तो आकडा तुमचा राहत नाही.

विकणाऱ्याकडे आम्ही सगळे कागद घेऊन गेलो. त्याने विक्रीच्या पावतीवरचं ‘गाडी जशी आहे तशी’ हे वाक्य पुढे केलं आणि म्हणाला, ओढता येतं म्हणालो होतो, किती ते कुठे लिहिलंय? जाहिरातीचा फोटो आम्ही जपून ठेवला होता, त्यात ‘टोइंग पॅकेजसह’ असं लिहिलेलं होतं, मेकॅनिकचा लेखी अहवाल होता आणि कारखान्याची यादी. ह्या तिन्हींमुळे त्याने भार वाटणाऱ्या हिचचे पैसे परत दिले. गाडी परत घेतली नाही. गिअरबॉक्सच्या दुरुस्तीत गाडीच्या किमतीचा साधारण पाचवा हिस्सा गेला. टोइंगबद्दल जे काही तोंडी सांगितलं जातं ते पावतीवर किलोच्या आकड्यासकट लिहून घ्या. लिहायला नकार मिळाला, तर उत्तर तिथेच मिळालं. आणि अपघात झाला असता तर मर्यादेपेक्षा जास्त वजन ओढलं हे विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण झालं असतं, तो विचार मी अजून पूर्ण करत नाही.

दुसरी गाडी निवडताना आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. ट्रेलरच्या पाटीवर त्याचं जास्तीत जास्त चालणारं वजन असतं, आमचं १७०० किलो. रिकामं वजन विसरून तेच धरलं. त्याचे १३ टक्के २२१, वर माणसं, सामान आणि हिच, सगळे मिळून ५७१ किलो. मग ज्या ज्या गाडीकडे गेलो तिचं दार आधी उघडलं. २५०० किलो ओढणारी म्हणून मिरवणारी एक गाडी होती, तिच्या दारावर पेलोड ४८० किलो. काचेचं छप्पर, तिसरी सीट, मोठी चाकं, हे सगळं पेलोडमधून वजा होतं, म्हणून एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे स्टिकर वेगळे निघतात. कित्येक गाड्या ओढण्याच्या आकड्यावर पास होत होत्या आणि पेलोडवर नापास. आम्ही मॅन्युअलमध्ये आणखी एक गोष्ट बघत होतो, ट्रेलरच्या समोरच्या बाजूचं क्षेत्रफळ किती चालेल ती. सपाट तोंडाचा उंच ट्रेलर वारा अडवतो आणि वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. शेवटी शिडीसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली, पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली गाडी घेतली. पेलोड ६९०, कूलर कारखान्याचा, सॉकेटमागच्या सातही तारा मी स्वतः मोजल्या.

जुन्या गाडीचा हिच कापून काढला आणि ती विकायला ठेवली. गिअरबॉक्सच्या कामाची पावती जोडली, आणि जाहिरातीत लिहिलं की ही गाडी ट्रेलरसाठी नाही. एक जण बघायला आला, बरोबर बायको आणि दोन मुलं. गाडी त्याला आवडली होती. जाता जाता त्याने विचारलं, अगदी छोटा ट्रेलर तरी ओढेल ना? मी ड्रायव्हरचं दार उघडून त्याला स्टिकर दाखवला, फोनवरचं मॅन्युअलचं पान दाखवलं आणि त्याच्या ट्रेलरचं वजन विचारलं. तो म्हणाला, रिकामा ९०० किलो. मग तो स्टिकरसमोर वाकून बराच वेळ उभा राहिला, फोटो काढला आणि गाडी न घेता गेला.