ढिकाला जुलैत बंद असतं, हे आम्हाला फाटकावर कळलं

माझे वडील, नाना, नाशिकच्या पंचवटीतल्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. ब्रह्मकमळ आणि ब्लू पॉपी ही हिमालयातली फुलं डोळ्यांनी बघायची, ही त्यांची फार जुनी इच्छा. वय ७१, गुडघे अजून साथ देताहेत, म्हणून गेल्या वर्षी जायचंच ठरवलं. आमचीच गाडी, मी चालवणार, सोबत आई आणि माझी बायको. आधी उत्तराखंडातलं कॉर्बेटचं जंगल (ढिकाला हा त्यातलाच भाग), मग तिथलीच व्हॅली ऑफ फ्लॉवर्स ही फुलांची दरी, आणि येताना कुल्लूकडचं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क.

सकाळी नानांबरोबर फिरायला येणाऱ्या एका काकांनी गंगापूर रोडवरच्या टूरवाल्याचं नाव सुचवलं. पस्तिशीचा मुलगा, छोटं पण नीटनेटकं ऑफिस. "मी पण सिडकोतलाच," म्हणाला, नानांच्या पाया पडला. गाडी तुमची, हॉटेलं आणि परमिटं माझी, असा व्यवहार ठरला. दोन दिवसांत १४ पानांची पीडीएफ आली. कुठे पेट्रोल भरायचं, कुठे जेवायचं, सगळं त्यात होतं.

त्या पीडीएफमधल्या तीन ओळी इथे देतो, कारण फसवणूक त्या तीन ओळींत होती.

ढिकाला वनविश्रामगृहात २ रात्री, ११ आणि १२ जुलै, स्वतःच्या गाडीने प्रवेश. व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये तंबूत २ रात्री. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये ६० किलोमीटरची 'पार्क ड्राइव्ह', स्वतःच्या गाडीने.

या तिन्ही गोष्टी होऊच शकत नाहीत. कॉर्बेटचा ढिकाला भाग पावसाळ्यात बंद असतो, १५ जूनला बंद झाला की १५ नोव्हेंबरला उघडतो. उघडा असतानाही खासगी गाडी आत नेता येत नाही, वनखात्याकडे नोंदणी केलेल्या सफारीच्या गाडीतूनच जावं लागतं. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते हे खरं, जुलै-ऑगस्टमध्ये ती सगळ्यात जास्त फुलते हेही खरं. पण आत मुक्कामाला परवानगीच नाही. गोविंदघाटच्या पुढे गाडीचा रस्ता लवकरच संपतो, मग चालत घांघरियाला जायचं, तिथे राहायचं आणि रोज सकाळी दरीत जाऊन संध्याकाळच्या आत परत यायचं. आणि ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या आत गाडीचा रस्ता नाही. तीर्थन खोऱ्यातल्या गुशैणीकडून गेलात तरी शेवटी पायीच.

म्हणजे दरी बहरात बघायची तर ढिकाला मिळत नाही, आणि ढिकालाला राहायचं तर दरीतला बहर चुकतो. दोन्ही एका सहलीत बसवून देणारा माणूस खोटं बोलतोय, हे कॅलेंडर समोर ठेवलं असतं तरी दिसलं असतं. आम्ही पारख केली ती माणसाची. ऑफिस पाहिलं, गूगलवरचे अभिप्राय वाचले, ओळखीच्या काकांना विचारलं. प्लॅन मात्र कोणी तपासला नाही. बहराचे महिने त्याने बरोबर सांगितले होते, आणि एवढी नेमकी माहिती असलेल्या माणसाला बाकीचंही माहीत असणार, असं आम्ही धरून चाललो.

पैसे तीन वेळा गेले. आधी ४५ हजार आगाऊ. मग "परमिटची मुदत आज रात्री संपतेय" म्हणून ५१ हजार. निघायच्या बारा दिवस आधी ३० हजार 'सुरक्षा ठेव', परत आल्यावर मिळणार होती. एकूण १ लाख २६ हजार. तिन्ही वेळा यूपीआयवर नाव वेगळं दिसलं, एकदाही कंपनीचं नव्हतं. विचारलं तर "अकाउंटंटचं खातं आहे काका." परमिटांवर राजमुद्रा होती, क्यूआर कोड होता. तो कोड मी स्कॅन केला तर त्याच परमिटचा फोटो उघडला. नुसता फोटो उघडणारा कोड काहीच सिद्ध करत नाही, हे मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं. बिलावरचा जीएसटी नंबर परत आल्यावर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला, तर तो एका हार्डवेअर दुकानाचा निघाला. एक मिनिटाचं काम होतं.

पहाटे चारला द्वारका चौकातून निघालो. धुळे, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रामनगर. सकाळी धनगढी फाटकावर नानांनी स्वतः उतरून वनरक्षकाला कागद दाखवला. त्याने वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, "बाबूजी, यह तो जून से बंद है." नानांनी कागद परत घेतला, नीट चार घड्या घालून खिशात ठेवला. पाऊस पडत होता. आई गाडीतून विचारत होती काय झालं, आणि मला तिला उत्तर देता येईना.

टूरवाल्याला फोन लावला, आधी बिझी, मग बंद. पीडीएफमधल्या जोशीमठच्या हॉटेलला विचारलं, आमच्या नावाचं बुकिंग नव्हतं. मी म्हटलं, आपलं आपण जाऊ, घांघरियात खोली मिळेल. नाना म्हणाले, "घरी चल." पुढचे तीन दिवस ते जवळपास काही बोलले नाहीत.

तक्रारीबद्दल नीट सांगतो, कारण तिथेही आमचं चुकलं. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर. तो कळताक्षणी लावायचा असतो, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत गोठवता येतात. मी फाटकावरून लावला नाही, नाशिकला येऊन लावला. मधल्या चार दिवसांत काय निसटलं ते आता कळायला मार्ग नाही. त्या ३० हजारांपैकी ८,७०० रुपये एका खात्यात सापडले आणि अडकवून ठेवलेत. बाकीचे पैसे त्या खात्यांत नव्हते. सोबत तयार ठेवा: प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (त्या व्यवहाराला बँकेकडून मिळालेला क्रमांक), बँकेचं स्टेटमेंट, चॅटचे स्क्रीनशॉट, ती पीडीएफ. चॅट पुसू नका. मिळालेला तक्रार क्रमांक घेऊन सायबर पोलिस ठाण्यात जा. माझी फिर्याद तिथे घेतली, नीट ऐकून घेतली. गंगापूर रोडवरचं ते ऑफिस महिन्याच्या भाड्याचं होतं, रिकामं झालं होतं.

ज्या काकांनी नाव सुचवलं होतं, ते नानांना तोंड दाखवेनात. त्यांचा भाचाही त्याच माणसाकडे फसला होता, हे त्यांनी नंतर रडत सांगितलं. त्यांना आम्ही दोष देत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पीडीएफ आली. कंपनीचं नाव नवं, फोटो नवे, मजकूर मात्र ओळखीचा. 'ढिकाला २ रात्री, ऑगस्ट, मर्यादित जागा.' खाली तिघांनी 'इंटरेस्टेड' लिहिलं होतं. नानांना मोबाइलवर मराठी टाइप करायला वेळ लागतो. चष्मा लावून ते दहा मिनिटं बसले होते. मग ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: "ढिकाला १५ जूनला बंद होतो. ज्यांनी पैसे भरले असतील त्यांनी आत्ताच १९३० ला फोन करा. मी घरीच आहे, माझ्याकडे या."