माहितीपत्रक की फार्मासिस्टशी पाच मिनिटं बोलणं?

टाइप २ मधुमेहाच्या गोळ्यांच्या खोक्यात घडी घातलेलं माहितीपत्रक असतं. त्यात सगळं असतं, हीच त्याची अडचण. साध्या मळमळीपासून अतिदुर्मिळ दुष्परिणामांपर्यंत सारं एकाच बारीक अक्षरात. ते वाचून घाबरून गोळी बंद करणारेही असतात.

फार्मासिस्ट मोजकंच सांगतो, पण तुमच्यापुरतं. मेटफॉर्मिनने पोट बिघडतंय? जेवणासोबत घ्या, त्रास बहुधा काही आठवड्यांत कमी होतो. ग्लिमेपिराइड चालू असेल तर जेवण चुकवू नका, साखर फार उतरू शकते. घाम फुटला, हात थरथरले आणि रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली दिसली, तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. इन्सुलिनचं पेन तर हातात धरूनच शिकावं. रोज एकाच जागी टोचलं की तिथे गाठी होतात आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. जागा कशी बदलायची हे समोर कुणी दाखवलं की लगेच कळतं.

पत्रकाची एक बाजू मात्र भक्कम: रात्री दोन वाजताही ते घरात असतं. शिवाय काउंटरवर गर्दी असली की समुपदेशन ‘सकाळी एक, रात्री एक’ एवढ्यावरच आटोपतं!

तरी नवीन औषध सुरू होताना माझा कौल फार्मासिस्टलाच. जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी तेवढी सोबत न्या.