‘रिमेन’ या नोंदीवरून एका समानार्थी कोशाची पारख

इंग्रजी समानार्थी शब्दांचा कोश पारखायचा असेल, तर त्यातील एखादे रोजच्या वापरातले क्रियापद उघडून पाहावे; दुर्मीळ शब्दांच्या नोंदी बहुतेक कोशांत बऱ्या असतात, खरा कस लागतो तो साध्या शब्दांवर. मोबाइलवर चालणाऱ्या या कोशासाठी मी ‘रिमेन’ निवडले, कारण राहणे, मागे थांबणे, उरणे आणि आहे त्या स्थितीत टिकणे हे सारे अर्थ या एकाच क्रियापदात येतात.

कोशाची मांडणी चांगली आहे. पीटर मार्क रॉजे यांनी १८५२ मध्ये आपला प्रसिद्ध कोश काढला तेव्हा शब्द वर्णक्रमाने न लावता कल्पनांनुसार लावले होते. येथेही अर्थानुसार गट पाडलेले आहेत, त्यामुळे ‘थ्री क्वेश्चन्स रिमेन’ या वाक्यातील ‘उरणे’ आणि ‘ही रिमेन्ड ॲट होम’ मधील ‘थांबणे’ यांची गल्लत होत नाही. पहिल्या वाक्यात ‘स्टे’ चालत नाही, हे त्या गटाकडे पाहताच समजते.

अडचण पुढे सुरू होते. ‘थांबणे’ या गटात स्टे, लिंगर, टॅरी, अबाइड आणि ड्वेल हे शब्द एका ओळीत, एकाच जाडीच्या अक्षरांत छापले आहेत, जणू कोणताही उचलावा आणि वापरावा. प्रत्यक्षात ‘टॅरी’ जुन्या वळणाचा आहे, आणि ‘लिंगर’मध्ये पाय निघत नसल्याची, गरजेपेक्षा अधिक रेंगाळण्याची छटा आहे, म्हणूनच तो वासाला, दुखण्याला किंवा मनातल्या शंकेलाही शोभतो. ‘अबाइड’ तर राहण्याच्या अर्थी आता जवळजवळ उरलेला नाही. आजच्या वाचकाला तो ‘अबाइड बाय’, म्हणजे नियम पाळणे, किंवा नकारार्थी रचनेत ‘सहन न होणे’ या अर्थाने भेटतो. ‘ड्वेल’चेही तसेच: वास्तव्याच्या अर्थी तो ग्रंथांपुरता राहिला आहे, तर ‘ड्वेल ऑन’ म्हणजे एकच गोष्ट मनात घोळवत बसणे. (जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ वाट चुकवणे असा होता, हे कोशाने दिले असते तर गंमत वाटली असती.) शब्दयोगी अव्यये वगळून पर्याय देणारा कोश विद्यार्थ्याला चुकीचे वाक्य लिहायला लावतो, आणि या कोशाचा सर्वांत मोठा दोष मला हाच वाटतो.

‘स्टे’ आणि ‘रिमेन’ यांच्या तुलनेची चौकट मात्र उत्तम आहे. विशेषणापूर्वी दोन्ही चालतात, ‘स्टे सायलेंट’ बोलीला जवळचे आणि ‘रिमेन सायलेंट’ औपचारिक. पण पाहुणा हॉटेलात उतरला असेल तर ‘स्टेइंग’च म्हणावे लागते, आणि ‘इट रिमेन्स टू बी सीन’ या ठरीव रचनेत ‘स्टे’ बसत नाही, असे तिथे उदाहरणांसह सांगितले आहे. कायमच्या वास्तव्यासाठी ‘लिव्ह’ आणि तात्पुरत्या मुक्कामासाठी ‘स्टे’ हा प्रमाण इंग्रजीतील भेदही आहे, फक्त भारतीय आणि स्कॉटिश इंग्रजीत कायम राहण्यालाही ‘स्टे’ म्हणतात याचा उल्लेख नाही. मराठीत दोन्हींसाठी ‘राहणे’ पुरत असल्याने आपल्या वाचकाला ती टीप सर्वाधिक उपयोगी पडली असती.

शोधपेटीत ‘रिमेन्ड’ असे भूतकाळी रूप टाकल्यास नोंद उघडत नाही, मूळ रूपच लिहावे लागते. सशुल्क आवृत्तीत जाहिराती जातात आणि उच्चार ऐकता येतात, परंतु नोंदी व उदाहरणे तीच आहेत. तेव्हा मोफत आवृत्ती घ्यावी आणि वाक्यात शब्द बसवण्यापूर्वी शेजारी एखादा साधा शब्दकोश उघडा ठेवावा.