पितळ चकचकीत झालं आणि पाटल्या हलक्या झाल्या

घट बसायला चार दिवस होते. समया, ताम्हण, पळी-पंचपात्र, सासूबाईंच्या माहेरची पितळी कळशी, सगळं मी गॅलरीत काढून ठेवलं होतं. चिंच भिजत घातली होती. सकाळी साडेअकराला दारावर दोन मुलं आली. स्वच्छ इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात बॅग. "काकू, कंपनीची नवीन पावडर आहे. विकायची नाही, फक्त दाखवायची आहे. एखादं भांडं द्या."

मी कळशी दिली. दोन मिनिटांत निम्मी कळशी सोन्यासारखी पिवळी झाली. ते खरंच होतं, त्यात काही हातचलाखी नव्हती. पितळेवरचा काळेपणा कुठल्याही आंबट पदार्थाने निघतो, चिंचेनेही तेच होतं, फक्त थोडा वेळ लागतो. पण ती कळशी बघून माझा विश्वास बसला. मग समई झाली. मग एकाने सासूबाईंना विचारलं, "आजी, चांदीचं काही आहे?" निरांजन आणि अत्तरदाणी आणली, तीही उजळली. प्रत्येक वस्तू आमच्या हातात परत देत होते, पैशाचं नाव नाही. अर्ध्या तासात हातातून वस्तू काढून देण्याची आम्हाला सवय लागली होती. हे मला नंतर कळलं.

"आजी, पाटल्या किती काळवंडल्यात." सासूबाईंनी साबण लावून त्या काढल्या. मी मंगळसूत्राला हात घातला तर त्या म्हणाल्या, "अगं, ते नको काढूस." त्यांच्या त्या एका वाक्यामुळे मंगळसूत्र वाचलं.

मुलांनी स्वतःचा प्लॅस्टिकचा डबा काढला, बाटलीतलं पिवळसर पाणी ओतलं आणि पाटल्या त्यात सोडल्या. एकाने हातमोजे घातले होते. वास इतका उग्र होता की मला ठसका लागला. "म्हणूनच गॅलरीत करतो काकू," दुसरा म्हणाला आणि मला हळद आणायला आत पाठवलं. मी आले, तर पाणी हवं होतं. मग एक वाटी. सात-आठ मिनिटं गेली असतील. पाटल्या बाहेर काढून पाण्यात बुडवल्या, त्यांना हळदीचा जाड लेप दिला, वाटीत ठेवून वर फडकं बांधलं. "अर्धा तास मुरू द्या, मगच धुवा, नाहीतर चमक जाईल."

डब्यातलं पाणी मी मोरीत ओतायला निघाले, तर त्यांनी अडवलं. "केमिकल आहे, मोरीत नको, आम्ही घेऊन जातो." बाटलीत भरलं, बूच घट्ट लावलं. किती जबाबदार मुलं, असं मला वाटलं. आमचं सोनं त्या बाटलीतून गेलं.

हळद धुतल्यावर पाटल्या तशाच दिसल्या, जरा मळकट. सासूबाईंनी हातात घातल्या आणि म्हणाल्या, "हलक्या लागतायत गं." आतल्या बाजूचा पेढीचा शिक्का पुसट झाला होता, नक्षीच्या कडा बोथट झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सराफाकडे वजन केलं. जुन्या पावतीवर 40 ग्रॅम होते, काट्यावर 31 ग्रॅम 400 मिलिग्रॅम भरले. वापरून सोनं झिजतं, पण इतकं नाही, असं सराफांनी लगेच सांगितलं. असं गिऱ्हाईक त्यांच्याकडे पहिल्यांदा आलं नव्हतं.

त्यांनीच समजावलं. साध्या आम्लाने सोन्याला काही होत नाही. पण तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल एकत्र केलं की त्यात सोनं विरघळतं. त्याला आम्लराज म्हणतात. दागिन्याचा आकार राहतो, वरचा थर पाण्यात उतरतो, आणि त्या पाण्यातून सोनं पुन्हा वेगळं काढता येतं. हळदीचा लेप फक्त आम्ही लगेच निरखून पाहू नये म्हणून.

सोन्याला मुळात असलं काही लागतच नाही. सोनं पितळेसारखं गंजत नाही, त्यावर साचतो तो घाम, तेल आणि साबण. वाटीत कोमट पाणी, त्यात रिठ्याचा फेस किंवा सौम्य साबणाचे दोन थेंब, पंधरा मिनिटांनी मऊ ब्रश, बस. मोती आणि खडे जडवलेले दागिने मात्र भिजत घालू नका. चांदीसाठी भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा आणि कडक गरम पाणी. चांदीवरचा काळा थर गंधकामुळे येतो. ते गंधक अॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागेवर राहते. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, इतकी वर्षं मी तेच करत आले. तरी त्या दिवशी दारातल्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळतं असं मानलं, याचं मला फार वाईट वाटतं.

पंधरा दिवस मी कुणाला बोलले नाही. सासूबाई जेवताना हाताकडे बघायच्या आणि गप्प बसायच्या. त्या पाटल्या त्यांच्या आईने घातलेल्या होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "चोरी आपण केली का? मग लपवायचं कशाला?" पोलीस ठाण्यात गेलो. जुनी पावती आणि सराफांची वजनाची चिठ्ठी सोबत नेली, त्याचा उपयोग झाला. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार घेतली. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. गॅलरीच्या शहाबादी फरशीवर आम्लाचे थेंब पडून पांढरे खरबरीत डाग पडले होते, त्यांचेही फोटो घेतले. दागिना अजून हळदीत असेल तर धुण्याआधी 112 ला फोन करा. मुलं तेव्हा लांब गेलेली नसतात.

हे मी आमच्या गल्लीत सांगितलं, तेव्हा दोन घरं सोडून राहणाऱ्या काकूंनी आतून स्वतःची चेन आणून दाखवली. त्यांच्याकडेही तीच पावडर, तीच हळद, गेल्या वर्षी. घरात बोलणी बसतील म्हणून त्यांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. सोमवारी त्या जबाब द्यायला जाणार आहेत. मी आणि सासूबाई दोघी सोबत जातोय.