पोकेमॉन स्कार्लेट: टीम बनवायची असेल तर घ्याच

राजेहो, नागपूरच्या बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डी बाजारातून, या निन्टेन्डो स्विच गेमचं सेकंडहँड कार्ट्रिज घेतलं आणि अख्खा मे महिना कूलरसमोर बसून एकच काम केलं, टीम बनवली. स्टोरी ठीक आहे, लवकर उरकते, खरी मजा त्यानंतर. कॉम्पिटिटिव्हमध्ये, म्हणजे इतर खेळाडूंशी स्पर्धेत, डबल्स असतं, एका वेळी दोघांसमोर दोघं, ६ पोकेमॉन न्यायचे, त्यातले ४ खेळवायचे, सगळे लेव्हल ५० चे. इथं ट्रेनिंग खरंच सोपं केलंय, व्हिटॅमिनची एक बाटली गेममधल्या १०,००० ला, तिनं १० ईव्ही (ट्रेनिंगचे पॉइंट) वाढतात, एका स्टॅटला (हल्ला, स्पीड वगैरे) जास्तीत जास्त २५२ आणि एकूण ५१०. नेचर (कुठला स्टॅट वाढेल-घटेल ते ठरवणारा स्वभाव) चुकीचं निघालं तर मिंट द्या, आयव्हीसाठी (जन्मजात पॉइंट) बॉटल कॅप लेव्हल ५० पासूनच चालते. फक्त टेरा टाइप (लढाईत पोकेमॉनला बदलून घेता येतो तो टाइप) बदलायला ५० शार्ड, म्हणजे गोळा करायचे तुकडे, लागतात, त्यात जीव जातो बाप्पा.

माझी टीम ट्रिक रूमची. हॅटरीन या पोकेमॉननं ट्रिक रूम ही चाल लावली की हळू पोकेमॉन आधी मारतात, मग टोरकोल या पोकेमॉनचा स्पीड कमी असणं हेच त्याचं बळ, उन्हात त्याचा इरप्शन हा आगीचा हल्ला पडला की समोरचे दोन्ही खाक, जणू नागपूरचं ऊन त्यांच्यावर सोडलं. पण सुरुवातीला समोरचा फेक आउट (सगळ्यांआधी लागून त्या फेरीत आपल्याला थांबवणारी चाल) मारायचा आणि ट्रिक रूम लागायचीच नाही, सलग हरलो, मग सायकिक सर्जवाली (मैदानात येताच सायकिक टेरेन पसरवणारी) इंडीडी घेतली, तिच्या टेरेनमुळे जमिनीवरच्या पोकेमॉनवर फेक आउट चालतच नाही, वर समोरचे हल्ले स्वतःवर ओढून घेणारी फॉलो मी ही चाल आहेच. रँक्ड खेळायला ऑनलाइन मेंबरशिप लागते, तेवढा खर्च धरून चला. माझे ५ पैकी ५ स्टार.